डाव्या पायाची पाहुणी

१

कुकर लावायचा म्हणून दीप्तीने तांदळाच्या पोत्यात वाटी खुपसली आणि वाटीत तांदळाबरोबर एक बोट आलं.

ते दगडाचं आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. तेवढ्यात तिने मारलेली किंकाळी शेजारच्या पंजाबी घरापर्यंत पोचली होती. करंगळीएवढं बोट, राखाडी, झिजून गुळगुळीत झालेलं. पेरावरची रेघ स्पष्ट होती आणि टोकाला नखही कोरलेलं होतं. दुसरं टोक मात्र मोडल्यासारखं खडबडीत होतं.

तिची मैत्रीण मयूरा दोन गल्ल्या सोडून राहायची, ती लगेच धावत आली. ती एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासायची. कधी न घेतलेले टीव्ही चोरीला कसे गेले याच्या कहाण्या ऐकून तिचे कान तयार झाले होते. खोटं बोलणारा माणूस फार व्यवस्थित बोलतो, असं तिचं ठाम मत होतं. हे मत ती जेवणावळीतही ऐकवायची, त्यामुळे मेलबर्नच्या टार्निट उपनगरातली मराठी मंडळी तिच्यासमोर जरा अडखळतच बोलत.

"हे अयुथयाचं आहे," दीप्ती म्हणाली. "सप्टेंबरच्या सुट्टीत गेलो होतो ना, थायलंडची ती जुनी राजधानी. सगळी पडकी देवळं. रांगेने बसलेले बुद्ध, आणि एकालाही डोकं नाही. गाइड म्हणाला होता, इथली वीटसुद्धा नेऊ नका. नेणाऱ्याला चैन पडत नाही म्हणे, लोक घाबरून पोस्टाने परत पाठवतात."

"मग आणलं कोणी?"

"तेच तर! आम्ही पाचजण होतो. मी, यतिन, आई, मैथिली आणि अपूर्व. सगळ्यांनी कानांवर हात ठेवलेत. आणि खरं सांगू, आल्यापासून घरात काहीतरी आहे, मयू. पहाटे नळ वाहिल्याचा आवाज येतो. मैथिलीला ताप येतो, उतरतो, परत येतो. आई तर जवळजवळ बोलतच नाहीत. आपल्या खोलीत मात्र कोणाशी तरी पुटपुटत असतात."

यतिन दीप्तीचा नवरा, मैथिली त्यांची मुलगी; आणि दीप्ती ज्यांना आई म्हणत होती त्या तिच्या सासूबाई, मीनाक्षीकाकू. सासरे गेल्यावर काही वर्षांनी पुण्याचा फ्लॅट विकून त्या गेल्या वर्षी कायमच्या टार्निटला आल्या होत्या. तेव्हा विमानतळावर त्यांना आणायला मयूराच गाडी घेऊन गेली होती. काकूंनी गाडीत बसल्या बसल्या तिला खोबऱ्याची वडी दिली होती. तेव्हापासून ती त्यांची होती.

"यतिनने त्यांचं तिकीट काढलंय," दीप्ती खालच्या आवाजात म्हणाली. "शुक्रवारचं. फक्त जायचं. पुण्यात कुठेतरी नर्स असलेली जागा बघितलीय. त्याला वाटतं, आईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला वाटतं, आपल्याबरोबर कोणीतरी आलंय. पण शुक्रवारी त्या गेल्या की परत नाही येणार, एवढं नक्की. तू काहीतरी शोध."

मयूराने बोट रुमालात घेतलं. इतका वेळ तांदळात पडलेलं असूनही ते ओलं होतं.

२

संशयाची सुई पहिल्यांदा अपूर्वकडे वळली. ते अगदी साहजिक होतं. तो यतिनच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायचा. शिकायला आला होता, आता पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळून गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला होता.

"सगळे मलाच का पकडतायत?" तो वैतागला. "वाय-फाय गेलं, अपूर्व. तांदळात बोट सापडलं, अपूर्व."

"त्या पोत्यात हात कोण घालतं?"

"अगं, माझा फोन सिंकमध्ये पडला होता! सुकायला तांदळात ठेवला, बस. तेव्हा हे बोटबीट नव्हतं तिथे. निदान माझ्या हाताला तरी लागलं नाही."

"आणि डोकं नसलेल्या मूर्तीमागे उभा राहून तिच्या धडावर स्वतःचं डोकं लावून फोटो कोणी काढला?"

अपूर्वचा चेहरा पडला. "गार्डने झापलं मला. लगेच डिलीट केला. लाज वाटली, खरंच." त्याने आवाज उतरवला. "ती जागा वेगळी आहे, मयूरा. भर दुपार होती, ऊन होतं, तरी अंगावर काटा आला. त्यांना डोकी नाहीत, तरी ते आपल्याकडे बघतायत असं वाटतं. आणि तिथेच काकूंना काहीतरी झालं."

"काय झालं?"

"देवळामागे एक तळं आहे. काकू एकट्याच तिकडे गेल्या. परत आल्या त्या गाल फुगवून, रुसल्यासारख्या. उजवा हात ओढणीखाली. मी विचारलं, काकू, काय झालं? नुसती मान हलवली. यतिन मागून हाका मारत होता, चष्मा विसरलीस म्हणून. वळून बघितलं नाही. टुकटुक रिक्षात शब्द नाही. गेस्ट हाउसला उतरल्या आणि सरळ चालत आत गेल्या. जणू त्या नव्हत्याच, दुसरं कोणी चालत होतं. आणि मग हे."

त्याने फोन पुढे केला. गेस्ट हाउसचा जुना लाकडी व्हरांडा दिसत होता. दाराशी कमळांचं पाणी भरलेलं एक मोठं मडकं. मडक्यापासून आतल्या एका खोलीच्या बंद दारापर्यंत लाकडावर ओली पावलं उमटलेली. इवलीशी, तान्ह्या मुलाची असावीत तशी.

"खोली कोणाची?"

"काकू आणि मैथिलीची. मैथिली आमच्याबरोबर बाहेर आइस्क्रीम खात होती. आणि तिचे पाय केवढे झालेत आता! मी हाक मारून सगळ्यांना आणलं, तोवर पावलं सुकून गेली. पण तू नीट बघ."

मयूराने फोटो मोठा केला. पावलं आत जाणारी होती, बाहेर येणारं एकही नव्हतं. प्रत्येकाचा अंगठा उजवीकडे. पहिल्याचा उजवीकडे, दुसऱ्याचाही, तिसऱ्याचाही.

"सगळी डाव्या पायाची आहेत," अपूर्व म्हणाला. "उजवा पाय नाहीये तिला."

३

"भूतबीत काही नाही," यतिन म्हणाला. घरून काम करण्याची त्याची ती कोपऱ्यातली खोली होती, आणि तो स्क्रीनकडे बघत बोलत होता. "आईला डिमेन्शिया सुरू झालाय. मला पटकन मान्य करायचं नव्हतं, एवढंच."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"जीपी म्हणते टेस्ट नॉर्मल आहे. पण ती दहा मिनिटं बघते, मी रोज बघतो." त्याने बोटं मोडायला घेतली. "मी हाका मारतोय आणि ती वळत नाही. मग दुसऱ्या दिवशी, सकाळचा नाश्ता समोर असताना, मला रस्त्यावर पिटाळलं. तिथे तांदळाचे आणि नारळाच्या दुधाचे छोटे छोटे गोल करतात, आंबोळीसारखे. ते आण म्हणाली. आणले. खाल्ले नाहीत! खोलीत ठेवून दिले झाकून. तिसऱ्या दिवशी आम्ही नदीत बोटीने फिरलो, तर हिने काहीतरी पाण्यात टाकलं. विचारलं तर गप्प. आणि वर हट्ट काय, तर पुन्हा त्या पडक्या देवळात ने. मी म्हटलं, आई, एकदा बघितलं ना, त्याच विटा पुन्हा काय बघायच्या? तर रडायला लागली. रस्त्यात उभी राहून."

"बोट काकूंनी आणलं असेल असं वाटतं तुला?"

"आईने? आयुष्यात कोणाच्या झाडाचं फूल न विचारता तोडलं नाही तिने." तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. त्याचे डोळे लाल होते. "मला हौस आहे का तिला पाठवायची? पण आम्ही दोघं दिवसभर कामात. ही गॅस चालू ठेवून कुठे निघून गेली तर?"

"पुण्याला जायला काकू तयार झाल्या?"

"लगेच! त्याचंच वाईट वाटलं. एकच अट घातली. विमान बँकॉकवरूनच पाहिजे. सिंगापूरचं सोयीचं होतं, पण ऐकेचना."

हे ऐकून मयूराच्या डोक्यात काहीतरी खुट्ट झालं, पण नेमकं काय ते तिला पकडता येईना. तेवढ्यात दार ढकलून मैथिली आत आली. अंगाभोवती पांघरूण, गाल तापाने लाल. मयूराने तिला मांडीवर घेतलं.

"मैथू, आजी खोलीत कोणाशी बोलते गं?"

"द लेडी," मैथिली सहज म्हणाली. "आजीची गेस्ट आहे. फ्रॉम द हॉलिडे."

यतिन खुर्चीतून अर्धवट उठला. "कसली लेडी? तू बघितलीस?"

मैथिलीने जरा विचार केला. "शी इज व्हेरी क्वायट. आजी तिला रोज आंघोळ घालते आणि सॉरी म्हणते." मग तिने वडिलांकडे बघितलं, त्यांनाच सगळं माहीत असायला हवं अशा नजरेने. "शी कान्ट गो होम, बाबा."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मयूरा स्टेशनवर जायला गाडीत बसली. मेलबर्नची ती बोचरी सकाळ, आतून काच धुक्याने भरलेली. उजव्या हातात कॉफी, म्हणून तिने डावी मूठ वळून तिच्या कडेनेच काच पुसायला घेतली. एकदा टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

मग तिचा हात हवेतच राहिला.

काचेवर दोन छोटी तळपावलं उमटली होती. टाच, मधली खोलगट बाजू, सगळं जागच्या जागी. दोन्ही डावीच. तिने हळूच त्यांच्या डोक्यावर बोटाने पाच पाच टिंबं दिली, आणि गाडीत एकटी असूनही तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

उजवा हात रिकामा असता, तर दुसरं पाऊल उजवं आलं असतं.

कॉफी गार होत गेली. गाल फुगलेली, वळून न बघणारी, उजवा हात झाकून चालणारी बाई तिच्या डोळ्यांपुढे आली आणि आता ती भीतीदायक वाटेना. मयूराने फोनवर पंचांग उघडून त्या अयुथयाच्या दिवसाची तिथी बघितली. मग ऑफिसला कळवलं की आज यायला जमणार नाही, घरचं काम आहे.

५

जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. मैथिली तेवढी सोफ्यावर झोपली होती. मीनाक्षीकाकू टोकाच्या खुर्चीवर, मान खाली घालून, परक्या घरी आल्यासारख्या. मयूराने ताटलीत मूठभर तांदूळ पसरले आणि त्यावर ते बोट ठेवलं. ते बघून काकूंचे हात आपोआप जोडण्यासाठी उठले आणि अर्ध्यावरच थांबले. तेवढं मयूराला पुरे होतं.

"हे तांदळात लपवलेलं नव्हतं," ती म्हणाली. "तांदळावर बसवलेलं होतं. आपण देव कशावर बसवतो? नुसत्या जमिनीवर नाही. पोतं ही घरातली एकच जागा, जिथे ते तांदळात राहील आणि कोणाला दिसणार नाही. रोज पहाटे ते बाहेर काढायचं, आंघोळ घालायची आणि परत ठेवायचं. म्हणून नळाचा आवाज. म्हणून ते ओलं."

"पण कोण—" यतिन म्हणाला.

"थांब. पावलं. अपूर्वला भूत दिसलं, कारण त्याने पाय शोधले. ते पाय नव्हतेच, मूठ होती. कुंकू नाही, रांगोळी नाही, म्हणून मडक्यातलं पाणी. आणि उजव्या हातात काहीतरी जपून धरलेलं, म्हणून सगळी डाव्या मुठीची. आत येणारी, कारण ही पावलं फक्त येणारीच काढतात." ती दीप्तीकडे वळली. "आपल्यात कोणाच्या येण्याची पावलं काढतात?"

दीप्तीचा हात तोंडावर गेला. "गौरीच्या!"

"त्या दिवशी गौरी आवाहन होतं. तुम्ही दीड दिवसाचा गणपती बादलीत विसर्जित करून विमानात बसलात, आणि पुढचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. एकीच्या सोडून."

"पण आमच्याकडे लातूरला मुखवटे असतात," दीप्ती म्हणाली. "साड्या नेसवून उभ्या करतो. दगडाचा काय संबंध?"

"कोकणस्थांकडे खड्याच्या असतात. पाणवठ्यावरून पाच खडे उचलायचे. तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे चुकूनही बोलणं होत नाही. घरी येईपर्यंत मुक्याने चालायचं आणि मागे वळून बघायचं नाही, कोणी कितीही हाका मारल्या तरी. माझ्या आजोळी मी एकदा मध्येच बोलले म्हणून पाठीत धपाटा खाल्लाय." मयूरा यतिनकडे बघत होती. "दुसऱ्या दिवशी गौर जेवते. घावन-घाटलं. परदेशात घावन कुठून आणणार? तांदूळ आणि नारळ, जे मिळालं ते. तिसऱ्या दिवशी विसर्जन, वाहत्या पाण्यात. सगळं जागच्या जागी होतं, यतिन. काकू काहीही विसरल्या नव्हत्या."

यतिन आईकडे बघत राहिला. "पुण्यात शेजारच्या नीरजाताई आणायच्या ना गौर," तो पुटपुटला. "मी फक्त जेवायला असायचो."

"नीरजा आणायची, कारण ती सवाष्ण," काकू म्हणाल्या. इतके दिवस त्या गरजेपुरतंच बोलल्या होत्या, आता एकदम बोलू लागल्या. "तुझे बाबा गेल्यावर मी नाही आणली कधी. पण यंदा नीरजा कुठली! मला वाटलं, त्या परक्या तळ्यावर कोण बघतंय? आपणच आणावी. गेली त्रेचाळीस वर्षं एकदाही चुकली नव्हती रे."

"मग?"

"चार खडे उचलले. पाचव्यासाठी पाण्यात हात घातला तर..." त्यांनी ताटलीकडे बघितलं. "मी नाही उचललं ते. ते हातात आलं, असं कोणी बोट धरावं तसं. चष्मा नव्हता, लांबट खडा आहे वाटलं. खोलीत आंघोळ घातली तेव्हा नख दिसलं. गौर म्हणून घरात घेतली, पावलं काढली, अक्षता टाकल्या, आणि ते निघालं त्या देवाचं बोट. पूर्वी लढाईत सैन्याने त्यांची डोकी नेली, आणि मी बोट नेलं!"

काकूंनी ताटली स्वतःकडे ओढली.

"चार नदीत सोडले. हे कसं सोडणार? त्याचं घर तिथेच आहे. परत ने म्हटलं तर तू म्हणालास, त्याच विटा काय बघायच्या. सांगितलं असतं तर तुम्हाला पोलिसांचं लफडं झालं असतं. मग मैथूला ताप आला. मला पटलं, हे माझ्यामुळे. नको त्या बाईने गौर आणली म्हणून."

"काकू, असं काही नसतं!" मयूरा जवळजवळ ओरडलीच. तिला खराखुरा राग आला होता, काकूंचा नव्हे, हे त्यांच्या डोक्यात भरवणाऱ्यांचा. "मैथूच्या शाळेत अर्धा वर्ग आजारी आहे."

"म्हणून तू बँकॉकचं विमान मागितलंस," यतिन सावकाश म्हणाला. "पुण्याला जायला हो म्हणालीस, ते हे परत करता यावं म्हणून? आई, ती जागा कायमची होती. इथे परत येता आलं नसतं तुला."

"माहितीये मला. टॅक्सी करून गेले असते. स्टेशनवरून नदी ओलांडायची, सरळ जायचं, मोठं तळं लागलं की डावीकडे. चिंचेची दोन झाडं आहेत, त्यांच्या मागे." त्यांनी पदर शोधला, तो नव्हता, म्हणून ओढणीनेच डोळे पुसले. "गौर माहेरी येते म्हणतात. मी तिला कुठल्या घरी आणणार होते? पुण्याचं विकलं. हे तुमचं. ती गेस्ट हाउसची खोली तीन दिवस तरी माझी होती. म्हणून तिच्या दाराशी पावलं काढली."

यतिनने लॅपटॉप जवळ ओढला आणि तिकीट रद्द करायला लागला. त्याला नीट दिसत नव्हतं, त्यामुळे पासवर्ड दोनदा चुकला.

दीप्ती मात्र उठून सासूबाईंच्या खुर्चीशी खाली बसली. "हे तुमचं म्हणजे काय, आई? आणि मला का नाही सांगितलं? मी आले असते तळ्यावर."

"तू म्हणाली होतीस, मच्छर आहेत, लांब राहा," काकू म्हणाल्या, आणि अपूर्वला नको त्या वेळी हसू आलं.

६

पुढचं सरळ होतं. मयूराने थायलंडच्या पुरातत्त्व खात्याला रीतसर लिहिलं, चुकून आलेली वस्तू परत करायची आहे म्हणून. उत्तर आलं, त्यात आभार होते. काकू आणि यतिन दोघं निघाले, दोघांचीही जाण्या-येण्याची तिकिटं काढून. बोट काकूंच्या पर्समध्ये, डब्यात, तांदळावर.

निघताना गाडीशी सगळे उभे होते. मैथिलीचा ताप आदल्या दिवशी उतरला होता. ती "बाय" म्हणून हात हलवत होती. मयूराच्या लक्षात आलं की ती आजीकडे बघत नव्हती, आजीच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत होती. मयूराने कोणाला काही विचारलं नाही. सगळ्या क्लेमचा निकाल लागत नाही, हे तिला नोकरीने शिकवलं होतं.

काकू आणि यतिन परत आले त्या दिवशी विमानतळावरून आणायला मयूराच गेली. काकू वाटभर बोलत होत्या. अधिकारी कसा पोरगेला होता, बोट दोन्ही हातांत घेऊन तो आधी वाकला कसा, आणि यतिन चिंचेखाली बराच वेळ एकटाच कसा बसून राहिला.

गाडी दारात थांबली. काकू उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि थबकल्या.

फुटपाथपासून दारापर्यंत आणि उंबऱ्यावरून आत, सिमेंटवर कुंकवाची इवलीशी पावलं काढली होती. जराशी वेडीवाकडी, पहिल्यांदाच काढणाऱ्या हाताची. डावं, मग उजवं. डावं, मग उजवं.

दीप्ती दारात उभी होती. दोन्ही मुठी लाल, गाल फुगलेले. तिने तोंडात पाणी धरलं होतं, कारण नक्की कधी बोलायचं नसतं हे तिला अजून नीट माहीत नव्हतं.

"अगं, चूळ टाक ती," काकू म्हणाल्या. "मला घरात तरी बोलाव."